साडेसातची तासिका आणि सव्वाआठची गाडी

काळी माती (बी.ए. तृतीय वर्ष, यवतमाळ जिल्हा)

परवा येथे एका निवृत्त प्राध्यापकांनी ‘खेड्यातल्या विद्यार्थ्याला आता शिकायचेच नाही’ या शीर्षकाचा लेख टाकला. 62 मुलांच्या वर्गात चार जण बसलेले असतात, बाकीचे महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळाचा) अर्ज आणि परीक्षेचे प्रवेशपत्र यांपुरतेच महाविद्यालयात उगवतात, पूर्वी असे नव्हते, असा त्याचा मथितार्थ. त्याखाली ‘अगदी खरे, सर’ म्हणणाऱ्यांची रांग लागलेली पाहून राहवले नाही.

त्या न आलेल्या 58 जणांत मीही धरा. आमच्याकडे पहिली तासिका साडेसातला सुरू होते आणि अकरा वीसला महाविद्यालय सुटते. माझ्या गावाहून निघालेली पहिली गाडी तालुक्याला सव्वाआठला पोहोचते. पूर्वी गावात मुक्कामी गाडी असायची, ती पहाटे सहाला निघे. 2021 च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला तेव्हा ती बंद पडली, आणि संप मिटला तरी ती काही परतली नाही. त्यामुळे अर्थशास्त्राचा तास रोज बुडतो आणि मराठीचा अर्धा मिळतो. मुलांना दुपारी शेतात जाता यावे म्हणून सकाळचे वेळापत्रक ठेवले आहे, असे आम्हाला सांगण्यात येते. पावणेबाराची जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारी गाडी कोणाला धरायची असते, हे मात्र बसस्थानकावरच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे.

दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी येते आणि तिच्यामागोमाग कापसाची वेचणी. त्या दिवसांत मी आईसोबत किलोच्या हिशेबाने कापूस वेचते, आणि हिवाळी परीक्षाही नेमकी तेव्हाच येते. याला शिकण्याची अनिच्छा म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे.

आणखी एक आठवण सांगते. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार होती त्या दिवशी महाविद्यालयाने आमच्या बाजूच्या पाच गावांत गाड्या पाठवल्या. त्या दिवशी बाके कमी पडली, मुली खिडकीच्या कठड्यावर बसल्या. मुले का येत नाहीत, हे महाविद्यालयाला चांगले कळते. त्या एका दिवसापुरते कळते, इतकेच.

निवृत्त मास्तर

माझा लेख आपल्याला झोंबला, याचा अर्थ तो योग्य ठिकाणी लागला. मी 33 वर्षे शिकवले. अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले, त्याच्या पुढच्याच वर्षी मी रुजू झालो. तेव्हाही बस वेळेवर येत नव्हती आणि तेव्हाही कापूस वेचावा लागे. तरीही मुले सायकलवर दोघे-दोघे बसून 12 किलोमीटर यायची, डब्यात भाकरी आणि ठेचा असायचा, आणि पाठीमागच्या बाकावरून प्रश्न विचारले जायचे. आज तासाला बसलेल्या चौघांपैकी दोघे बाकाखाली मोबाईल पाहतात आणि परीक्षेच्या आठवड्यात वीस प्रश्नांचे गाईड घोकतात. गाईड काही सव्वाआठच्या गाडीने येत नाही. ते विकत घ्यायला वेळ कसा मिळतो?

नॅकच्या दिवसाबद्दल आपण लिहिले ते खरे आहे. त्याची मला लाज वाटत होती आणि अजूनही वाटते.

तासिकावाला

दोन्ही बाजूंनी ‘प्राध्यापक’ हा शब्द असा वापरला जात आहे की जणू महाविद्यालयात सगळेच पूर्ण पगारावर आहेत. मी सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा, उत्तीर्ण आहे, पीएच.डी. आहे, आणि सहा वर्षांपासून तासिका तत्त्वावर शिकवतो. मला आठवड्याला नऊ तासिका मिळतात. दिवाळीच्या सुट्टीचे, उन्हाळ्याचे आणि परीक्षेच्या काळाचे पैसे मिळत नाहीत, आणि शिकवलेल्या तासांचे मानधन कधी मार्चमध्ये तर कधी पुढच्या जुलैत हाती येते. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या काकांनी ‘परमनंट केव्हा होणार’ असे विचारले तेव्हा मी पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश प्यायलो. परमनंट होण्यासाठी संस्थाचालकांनी जो आकडा सांगितला होता, तो त्या बैठकीत उच्चारण्यासारखा नव्हता.

ताई, पावणेबाराची गाडी मीही धरतो. ती सुटली तर दुसऱ्या महाविद्यालयातला दुपारचा तास जातो, आणि तास गेला की पैसेही जातात. चहावाल्याला साक्षीला काढण्याआधी हे विचारात घ्यायला हवे होते.

काळी माती

दादा, आपली परिस्थिती मला ठाऊक नव्हती असे नाही. आमच्या विभागात पूर्णवेळ पदावर एकच सर आहेत, बाकी सगळे आपल्यासारखेच. तरीही वेळापत्रक आपण ठरवलेले नाही. ज्यांनी ठरवले त्यांची बाजू आपण का लढवता, एवढेच कळत नाही.

शिवारातून

मूळ दुखण्याला अजून कोणी हातच घातलेला नाही. ते दुखणे म्हणजे अपडाऊन, शहरात राहून नोकरीच्या गावी रोज ये-जा करणे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहावे म्हणून त्याच्याकडे ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. प्राध्यापकाला कोणी विचारले आहे का? अमरावतीत बंगला, नागपुरात फ्लॅट, आणि घरभाडे भत्ता मात्र बिनबोभाट चालू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवावे आणि रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असावे, असे लिहिलेले आहे. साडेसात ते अकरा वीस किती तास होतात, हे गणित चौथीच्या मुलाकडून सोडवून घ्या.

निवृत्त मास्तर

घरभाडे भत्त्याबद्दल अर्धवट माहितीवर लिहू नये. तो भत्ता राहत्या शहराप्रमाणे मिळत नसून नेमणुकीच्या गावाच्या वर्गवारीप्रमाणे मिळतो. तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्याला सर्वांत खालच्या वर्गाचा दर लागू होतो, मग तो नागपुरात राहो की तालुक्यातच. बंगल्याचे हप्ते शासन भरत नाही.

शिवारातून

भत्ता कमी मिळतो, म्हणून येथे राहायचे नाही? अजब न्याय आहे. आमच्या वडिलांना कापसाला हमीभाव मिळाला नाही म्हणून ते शेत सोडून पुण्याला राहायला गेले नाहीत.

निवृत्त मास्तर

आपण वाक्य वाचण्याआधीच उत्तर लिहिता, असे दिसते. मी वस्तुस्थिती सांगितली, समर्थन केले नाही. अशा भाषेत मला चर्चा करायची नाही.

मधला बाक

भांडण वाढण्याआधी एक अनुभव सांगतो, यातून काय सिद्ध होते ते ज्याने-त्याने पाहावे. आमच्या वेळी इतिहासाचे एक सर महाविद्यालयामागे खोली करून राहत असत. संध्याकाळी सात वाजता आम्ही पाच-सहा जण त्यांच्या ओट्यावर बसायचो. सर लुंगीवर, हातात कंदील असायचा, कारण भारनियमन होते, आणि चर्चा गावाच्या पाटीलकीपासून वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे कसे गेले इथपर्यंत चालायची. मी वर्गात तोंड उघडत नसे, कारण एकदा मी ‘मले मालूम हाय’ म्हणालो तेव्हा दुसरे एक प्राध्यापक हसले होते आणि त्यांच्यामागे सगळा वर्ग हसला होता. ओट्यावर मात्र माझ्या वऱ्हाडीला कोणी हसले नाही. आज मी तलाठी आहे, तो त्या ओट्यामुळे.

पुढचेही सांगायला हवे. सरांची मुलगी अकरावीला गेली. गावात विज्ञान शाखा होती, पण भौतिकशास्त्राचे पद दोन वर्षे रिकामे होते. सर अमरावतीला राहायला गेले आणि त्यांचेही अपडाऊन सुरू झाले. आम्ही त्यांना नावे ठेवली नाहीत. ठेवायला हवी होती का, ते ‘शिवारातून’ यांनी सांगावे.

शिवारातून

एका सरांच्या ओट्यावर सगळ्या विदर्भाचा न्याय होत नाही. तरी भौतिकशास्त्राच्या पदाबाबत मी बोलणार नाही. माझा पुतण्या त्याच कारणाने अकोल्याला मेसचा डबा खात शिकतो आहे.

तासिकावाला

ते भौतिकशास्त्राचे पद आता भरले आहे का? की तेथेही माझ्यासारखाच कोणी मोटारसायकलवरून येतो?

मधला बाक

मोटारसायकलवरूनच येतो. पेट्रोल स्वतःचे.

निवृत्त मास्तर

मी चर्चा करणार नाही म्हणालो होतो, पण काळी माती यांच्या एका मुद्द्याला उत्तर देणे राहिले आहे. वर्गातली उपस्थिती आणि वेळापत्रक यांचा संबंध मी लेखात विचारातच घेतला नव्हता. माझ्या काळात महाविद्यालय अकराला भरे आणि साडेचारला सुटे. सकाळची पाळी पुढे केव्हा आली, ते आठवू लागलो तेव्हा लक्षात आले की तो ठराव झाला त्या सभेला मी हजर होतो, आणि माझी सही त्यावर आहे. दुपारच्या उन्हात मुलांना त्रास होतो, असे कारण त्यात लिहिले होते. ते कारण खोटे नव्हते, पण सभेत चर्चा झाली होती ती अमरावतीच्या गाडीची.

याचा अर्थ मोबाईल आणि गाईड यांबद्दल मी लिहिलेले मागे घेतो, असा मुळीच नाही. 75 टक्के उपस्थितीचा नियम तुमच्यासाठीही आहे. परंतु आपल्या गावाच्या गाड्यांचे वेळापत्रक मिळाले तर माझ्या एका विद्यार्थ्याला, जो सध्या तेथील प्राचार्य आहे, मी पत्र लिहू शकेन. उपयोग होईल, अशी हमी देत नाही.

काळी माती

सर, सही केल्याचे आपण लिहिले, ते मी अपेक्षिले नव्हते. गाईड मीही घेतले आहे. ज्या तासाला पोहोचताच येत नाही, त्या विषयासाठी घेतले.

आमच्या गावच्या बसथांब्यावरच्या फलकाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. दुसऱ्या ओळीत 6.00 अजून रंगवलेले दिसते, त्यावर कोणीतरी खडूने रेघ मारली आहे. ती रेघ दर पावसाळ्यात पुसली जाते आणि नवीन माणूस पहाटे सहाला येऊन उभा राहतो. मागच्या जूनमध्ये प्रथम वर्षाच्या दोन मुली अशाच सव्वासातपर्यंत उभ्या होत्या. त्यांना मीच सांगितले.

तासिकावाला

प्राचार्यांना पत्र लिहाल तेव्हा दुपारच्या वेळापत्रकात माझ्या नऊ तासिका कोणत्या दोन दिवसांत बसतील, तेही विचारा. मंगळवार आणि गुरुवार दुसरीकडे दिलेले आहेत.