डॉलर गावाच्या नावाची रडकथा आता पुरे

काठावरची (धागाकर्ती)

आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही त्यांना हमखास डॉलरला नेतो. स्कॉटलंडच्या क्लॅकमननशर या चिमुकल्या परगण्यात, ओकिल टेकड्यांच्या पायथ्याशी हे गाव आहे. वरच्या घळीतून दोन ओढे उतरतात. एक बर्न ऑफ सॉरो, म्हणजे शोकाचा ओढा, आणि दुसरा बर्न ऑफ केअर, चिंतेचा. दोघांच्या बेचक्यात कॅसल कॅम्पबेल उभा आहे, आणि त्याचं जुनं नाव होतं कॅसल ग्लूम (आजच्या इंग्रजीत ग्लूम म्हणजे काळोख, उदासी). किल्ल्याखाली ओढे एकत्र येतात, त्यांचा डॉलर बर्न होतो आणि तो गावातून वाहत पुढे डेव्हन नदीला मिळतो.

आता यावर रचलेली कथा. एका राजकन्येनं न शोभणाऱ्या माणसावर प्रेम केलं, म्हणून राजानं तिला इथे कोंडलं. तिनं आपल्या दुःखाची नावं आजूबाजूच्या सगळ्याला दिली: किल्ला ग्लूम, ओढे शोक आणि चिंता, आणि गाव ‘डोलर’. हा फ्रेंचमधून आलेला शोकवाचक शब्द. त्याचंच पुढे डॉलर झालं म्हणे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ही कथा गावाच्या नावाचं मूळ म्हणून सांगणं बंद करावं. अल्बाच्या, म्हणजे जुन्या स्कॉटिश राज्याच्या, राजांच्या लॅटिन बखरीत, साधारण 875 च्या सुमाराला डेन आणि स्कॉट यांच्यात ‘डोलाइर’ इथे लढाई झाल्याची नोंद आहे. फ्रेंच शब्द या मुलखात रुळायला त्यानंतर काही शतकं जायची होती. ‘डोल’ हा पिक्ट (स्कॉटलंडमधले प्राचीन रहिवासी) आणि ब्रिटन (वेल्श लोकांचे पूर्वज) यांच्या बोलीतला शब्द, अर्थ नदीकाठची मळई. वेल्श भाषेत तो आजही याच अर्थानं आहे. गेलिकनं, म्हणजे स्कॉट लोकांच्या जुन्या भाषेनं, तो उचलून ‘दाल’ केला, आणि डॅलव्हिनीसारखी कितीतरी गावं त्यावरून पडली.

पिक्टांच्या भाषेतलं वाङ्मय आपल्या हाती आलेलं नाही. राजांच्या याद्या, दगडांवरची थोडी अक्षरं आणि गावांची नावं, एवढंच उरलंय. त्यातलं एक नाव कुणा काल्पनिक राजकन्येच्या नावावर चढवायचं, हे मला सहन होत नाही.

जुनापुराणा

ताई, अभ्यास उत्तम, निष्कर्ष मान्य नाही. गावाचं नाव फक्त पहिल्यांदा ठेवणाऱ्याचं नसतं. ते रोज उच्चारणाऱ्यांचंही असतं. कित्येक पिढ्या लोकांनी या नावात दुःख ऐकलं, त्यावर कथा बांधली, मुलांना सांगितली. ओढ्यांची नावं आज नकाशावर छापलेली आहेत. किल्ल्याच्या नावाचं काय झालं तेही बघा. 1489-90 मध्ये कॉलिन कॅम्पबेल, म्हणजे पहिला अर्ल ऑफ अर्गाइल, यानं संसदेकडून कायदा करून घेतला आणि ग्लूमचं कॅम्पबेल केलं. नाव कानाला अशुभ लागल्याशिवाय कुणी थेट संसदेपर्यंत जाईल का?

काठावरची

जाईल की! हा किल्ला त्याच्याकडे बायकोच्या माहेरकडून आला होता. आपल्या घराण्याचं नाव त्यावर कोरायला एवढं कारण पुरतं. शिवाय ग्लूम हा शब्द तेव्हा ‘कपाळाला आठ्या घालणं’ अशा अर्थानं चालायचा. काळोख आणि उदासी हे अर्थ त्यानंतर रुजले. आपण आजच्या इंग्रजीचा कान पंधराव्या शतकातल्या माणसाला लावतो आहोत.

मोडीवाचक

बखरीबद्दल थोडं. ‘875 ची नोंद’ असं म्हणताना जपून. ही बखर आपल्याला मिळते ती पॉपलटन हस्तलिखितात, आणि ते लिहिलं गेलं चौदाव्या शतकात. तोवर फ्रेंच शब्द इंग्लंड-स्कॉटलंडात चांगले रुळले होते. लेखनिकानं जुनं रूप जसंच्या तसं ठेवलं की त्याला ओळखीचं वाटेल तसं लिहिलं, हे नुसत्या नकलेवरून ठरत नाही.

दुसरं म्हणजे, फ्रेंच बाजूला ठेवलं तरी दुःखाची छटा जात नाही. गेलिकमध्ये ‘डॉइलेर’ म्हणजे अंधारलेला. गावाच्या नावाचा संबंध त्याच्याशीही जोडला गेला आहे. कथा रचणाऱ्यांना नावात काळोख ऐकू आला तो अगदीच हवेतून नसेल.

पाऊसवेडा

मोडीवाचकांना अनुमोदन. ती घळ पाहिलेल्या कुणालाही ‘अंधारलेला’ पटेल. दोन्ही बाजूंना शेवाळलेले कडे, लाकडी पुलांच्या खाली खोलवर पाणी, भर दुपारी अंगावर गारवा. ऑक्टोबरात तर तीन वाजताच दिवे लावावेसे वाटतात.

काठावरची

पाऊसवेडा, घळीचं वर्णन तंतोतंत आहे. पण नाव घळीचं नाही, गावाचं आहे. घळ संपते, जमीन पसरते, दक्षिणेला डेव्हनपर्यंत सपाट मोकळी मळई आहे आणि दिवसभर ऊन तिच्यावर असतं. ‘डोल’चा अर्थ तिथे उभं राहिलं की डोळ्यांसमोरच असतो.

मोडीवाचक, नक्कल चौदाव्या शतकातली आहे हे बरोबर. पण तिच्यातला ऐवज जुना आहे याची खूण त्या लढाईच्या वाक्यातच सापडते. लॅटिन वाक्याच्या मधोमध ‘को’ हे गेलिक शब्दयोगी अव्यय, म्हणजे आपलं ‘पर्यंत’, तसंच राहून गेलंय. नावं मनाला येतील तशी बदलणाऱ्या लेखनिकानं ते आधी पुसलं असतं. आणि डॉइलेर हे विशेषण आहे. गेलिक गावं सहसा नामापासून सुरू होतात, कुरण, टेकडी, किल्ला असं काहीतरी, आणि विशेषण मागून येतं. नुसतं ‘अंधारलेलं’ हे गावाचं नाव मला पटत नाही.

मोडीवाचक

‘को’चा मुद्दा वजनदार आहे. विशेषणाबद्दल मात्र माझी शंका कायम.

एक_वाचक

एअरशरमधल्या मॉस्कोचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. त्या वाडीचं नाव मूळचं मॉस-हॉल किंवा मॉस-हॉ, दलदलीवरून पडलेलं असावं असं मानतात. 1812 मध्ये नेपोलियननं मॉस्कोतून माघार घेतली, तेव्हा त्या घटनेच्या आठवणीत स्पेलिंग बदलल्याचं सांगतात. आणि त्या वाडीतून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव काय, तर व्होल्गा! खरी व्होल्गा मॉस्को शहरातून वाहतही नाही. म्हणजे एका नावाला अर्थ चिकटला की शेजारचं पाणीसुद्धा त्याच रंगात रंगतं. डॉलरच्या वर असंच झालं असेल: आधी ग्लूम, मग त्याला शोभतील असे शोक आणि चिंता.

जुनापुराणा

हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! व्होल्गा बर्न हे नाव कुणा गावकऱ्यानं हौसेनं ठेवलं, ते खोटं आहे का? त्या काळी रशियाच्या बातम्या एअरशरच्या शेतांपर्यंत कशा पोचल्या, याचा तो पुरावा आहे. तसंच शोक आणि चिंता हे ओढे डॉलरकरांच्या कल्पनेचा पुरावा आहेत. दुसरा इतिहास आहे, पण इतिहासच. तुम्ही पिक्टांसाठी भांडता, त्यांच्यानंतर तिथे नांदलेल्या, स्कॉट्स ही इंग्रजीची बहीणभाषा बोलणाऱ्या बायाबापड्यांसाठी कोण भांडणार?

काठावरची

ओढ्यांची नावं ठेवा, राजकन्येची कथाही सांगा, पण ‘लोक असं सांगतात’ म्हणून. माझी हरकत आहे ती ‘म्हणून या गावाला डॉलर म्हणतात’ या एका वाक्याला. ते वाक्य पाहुण्यांना ऐकवणाऱ्यांत आपली मंडळीही आहेत, आणि तेवढं ऐकून माणसं खूश होऊन परत जातात. मळईचं नावही निघत नाही.

पाऊसवेडा

आणि अमेरिकन डॉलर? पाहुण्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

मोडीवाचक

काहीही संबंध नाही. तो बोहेमियातल्या योआखिम्सथालच्या चांदीच्या नाण्यावरून, थालरवरून आला. सोळाव्या शतकातली गोष्ट. हे गाव त्याच्या कितीतरी आधीचं.

जुनापुराणा

ताई, पुढच्या खेपेला मी पाहुण्यांना दोन्ही सांगेन. पण राजकन्या आधी, वर किल्ल्यात, दोन्ही ओढ्यांचा आवाज येतो तिथे. मळई नंतर, खाली गावात.

काठावरची

मी उलट क्रमानं सांगेन. चढण गावातूनच सुरू होते.