दहा-बारा वर्षांची आलिशान गाडी घ्यावी का? घेतलेल्यांचे आणि न घेतलेल्यांचे अनुभव

धागाकर्ता, पुणे

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका उद्योजकांनी त्यांची २०१३ सालची जर्मन बनावटीची डिझेल सेडान मला साडेआठ लाखांना देऊ केली. नवी घेतली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी जवळजवळ पन्नास लाख मोजले होते, आणि आज साडेआठ लाखांत शोरूममधून मला एखादी साधी हॅचबॅकच मिळेल; त्यामुळे मोह झाला नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. गाडी ९१,००० किलोमीटर धावलेली आहे, एमएच-१२ पासिंग आहे आणि मालक पहिलेच आहेत. घरात मात्र दोन तट पडले आहेत. मुलगा गाडीचे फोटो मित्रांना पाठवून मोकळा झाला आहे, तर सौभाग्यवतींनी ‘हत्ती दारात बांधाल, पण चारा कुठून आणाल?’ एवढेच विचारले आहे. ज्यांनी अशी गाडी घेतली, विकली किंवा घेता घेता हात आखडता घेतला, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा ही विनंती. तक्रार असल्यास कंपनी, गॅरेज वा विक्रेता यांची नावे टाळावीत. रक्कम आणि कारण मात्र जरूर द्यावे.

नाशिक, दंतवैद्य

२०१९ मध्ये मी नऊ वर्षांची एक मोठी एसयूव्ही अकरा लाखांना घेतली. पहिले आठ महिने सुखात गेले. मग जानेवारीतल्या एका सकाळी खाली उतरलो, तर गाडी पुढच्या उजव्या अंगाने गुडघा टेकलेल्या बैलासारखी बसली होती. चाकावरच्या कमानीत एरवी चार बोटे सहज जात, तिथे नखही शिरत नव्हते. इंजिन सुरू केल्यावर घरघर करत ती वर उठली, म्हणून मी तसाच दवाखान्यात गेलो, आणि चूक झाली ती तिथेच. या गाडीला लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे आहेत. गाडी धावो वा उभी राहो, रबर वयाने सुकते आणि त्याला बारीक भेगा पडतात; गळलेली हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर वारंवार चालू लागतो, आणि थोडा वेळ चालण्याच्या बेताने बनवलेला तो कॉम्प्रेसर शेवटी जळतो. पहिल्याच दिवशी गॅरेज गाठले असते तर एका फुग्यावर भागले असते. तीन आठवडे चालढकल केल्यामुळे दोन फुगे, कॉम्प्रेसर आणि मजुरी मिळून १ लाख ८४ हजार रुपये गेले. गाडीची किंमत अकरा लाखांवर उतरली असली, तरी तिचे सुटे भाग अजून सत्तर लाखांच्या गाडीचेच आहेत, हे मला बिल हातात पडल्यावर उमगले.

गाडी अजून माझ्याकडेच आहे, कारण घाट चढताना ती जे सुख देते ते मला दुसऱ्या कोणत्याच गाडीत मिळालेले नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग मिळतात. दरवाजा, आरसा, दिवे यांसाठी तो बाजार उत्तम आहे. फुगे मात्र जुने घेऊ नयेत, कारण त्यांचे रबरही तेवढेच म्हातारे असते.

ठाणे

माझी कहाणी कागदपत्रांची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. तेव्हापासून तिकडच्या आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या मिळेल त्या भावाने बाहेर जाऊ लागल्या. २०२१ मध्ये मी अशीच एक गाडी सात लाखांना आणली, इकडच्यापेक्षा सुमारे अडीच लाखांनी स्वस्त. एनओसीचा (ना-हरकत दाखल्याचा) फॉर्म २८, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हे सगळे मी स्वतः जमवले होते, त्यामुळे आपण फार हुशार आहोत असे वाटत होते. महाराष्ट्रातला एकरकमी कर मात्र मी सात लाखांवर धरला होता. प्रत्यक्षात तो गाडीच्या मूळ किमतीवर काढून वयानुसार कमी केला जातो, आणि मूळ किंमत वीस लाखांच्या वर असल्याने डिझेलला दर १५ टक्क्यांचा होता. आधी भरलेल्या कराच्या परताव्यासाठी मूळ राज्यात अर्ज करायचा असतो. दोन खेपांनंतर मी तो नाद सोडला. अडीच लाखांच्या बचतीतले हाती उरले चाळीस हजार, आणि तेही टायरमध्ये गेले.

कोल्हापूर, गॅरेज व्यवसाय

बावीस वर्षे या गाड्यांखाली झोपून काम करतो आहे, त्यामुळे घेणाऱ्याने काय पाहावे तेवढेच लिहितो. विक्रेत्याला आधी निरोप द्या की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर मी पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवतो आणि ते कोमट लागले तर तपासणी दुसऱ्या दिवसावर टाकतो. कारण सैल पडलेल्या टायमिंग चेनचा (इंजिनातले भाग तालात फिरवणाऱ्या साखळीचा) खडखडाट थंड इंजिनाच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत ऐकू येतो आणि तेल वर चढले की दबतो. त्यानंतर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. पुरात बुडालेली गाडी धुणारे लोक बाहेर दिसणारा पट्टा स्वच्छ करतात, आतल्या हातभर भागावर चिखलाची रेघ तशीच राहते. अशा आलिशान गाडीचे मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डबे, सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात, आणि पाणी लागलेले मॉड्यूल कधी दोन वर्षांनी दगा देते, तोवर विकणारा नामानिराळा झालेला असतो.

गाडीतल्या बिघाडांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय बयाणा देऊ नये. डॅशबोर्डवरचा आकडा मागे फिरवला, तरी इतर मॉड्यूलमध्ये जुन्या बिघाडांसोबत किलोमीटरची नोंद पुष्कळदा शिल्लक असते. एकही बिघाड नोंदलेला नसलेली बारा वर्षांची गाडी मला अधिक संशयास्पद वाटते, कारण ती पाटी बहुधा आदल्याच दिवशी कोणीतरी पुसलेली असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल कधीच बदलावे लागत नाही, असे गिऱ्हाईक मला ठासून सांगते. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. धागाकर्त्यांची गाडी नेमकी त्याच टप्प्यात आहे, तेव्हा ते तेल बदलल्याचे बिल मागावे. नसेल, तर तेवढी रक्कम सौद्यातून वजा करावी.

रत्नागिरी, निवृत्त बँक कर्मचारी

मी घेतली नाही. विम्याची चौकशी केली तेव्हा झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारे संरक्षण, मिळणार नाही असे समजले, म्हणजे रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के आणि गाडी दहा वर्षांवरची असल्याने धातूच्या भागांवरही ५० टक्के घसारा माझ्या खिशातून जाणार होता. शिवाय असे काम करणारा विश्वासाचा माणूस आंबा घाटापलीकडे. गाडी बंद पडली तर टोचन करून घाट चढवायची, या एका चित्रानेच माझा निर्णय झाला.

छत्रपती संभाजीनगर, लघुउद्योजिका

ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या शहरातल्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या, ती बातमी अनेकांना आठवत असेल. (आमच्या घरी तेव्हा स्कूटर होती.) त्यांतली एक पेट्रोल गाडी २०१८ मध्ये मी तिच्या पहिल्या मालकांकडून घेतली. खरे तर मी गाडी घेतली ती त्यांची फाइल पाहून. प्रत्येक सर्व्हिसचे बिल तारखेने लावलेले होते, आणि बदललेल्या वायपरची पावतीसुद्धा टोचून ठेवली होती. सात वर्षांत मला वर्षाकाठी सरासरी सत्तर-पंचाहत्तर हजार खर्च आला. तो मी दरमहा सहा हजार वेगळे काढून भागवते, त्यामुळे मोठे बिल आले तरी पोटात गोळा येत नाही. नोंदणीला पंधरा वर्षे झाल्यावर फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचे शुल्क हे सगळे ओळीने येते. मोटारीचे नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. २०१३ची गाडी घेणाऱ्यांनी २०२८ साल आजच वहीत लिहून ठेवावे.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे बारा वर्षांची अशी गाडी शिक्षक, नर्स, विद्यार्थी असे कोणीही चालवते. दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते, तिचा अहवाल विकत घेणाऱ्याला दाखवला जातो आणि जाहिरातीत ‘शेकहेफ्टगेप्फ्लेग्ट’ म्हणजे ‘सर्व्हिस-वही नीट भरलेली’ हा शब्द रंगाच्याही आधी येतो. नात्यातल्या लोकांना मी इथले भाव सांगितले आणि त्यांनी त्याच हिशेबाने पुण्यात गाडी घेतली, याचे मला आजही वाईट वाटते. इथे पर्यायी बनावटीचा भाग दुसऱ्या दिवशी घरपोच येतो. तिथे त्यांची गाडी एका सेन्सरसाठी पाच आठवडे उभी होती.

धागाकर्ता, पुणे

सर्वांचे आभार. काल सकाळी सात वाजता गेलो होतो. फाइल आहे, परंतु २०२१ नंतर तिच्यात केवळ इंजिन ऑइलची दोन बिले आहेत आणि गिअरबॉक्सचे एकही नाही. मालकांना तसे सांगितल्यावर त्यांनी कुरकुर न करता साठ हजार कमी केले. सीटबेल्ट स्वच्छ निघाला. चारही कमानींत चार-चार बोटे गेली. मुलाने मोजली आणि मी पुन्हा मोजली. बॉनेटवर तळहात ठेवला, तेव्हा ते कोमट लागले. ड्रायव्हरने धुण्यासाठी बाहेर काढली होती, असे मालक म्हणाले, आणि ते खरेही असेल. रविवारी पुन्हा जाणार आहे; किल्ली शनिवारी रात्रीच माझ्याकडे ठेवायला त्यांनी होकार दिला आहे.