मदत हवी आहे: पाटल्या 22 कॅरेटच्या की 23 च्या?

रानजाई
उद्या ऑर्डर द्यायची आहे, लवकर सांगा. एक सराफ 22 कॅरेट म्हणतो, दुसरा 916, तिसऱ्याकडे 23 कॅरेट. जास्त शुद्ध कोणतं?

सह्यवारा
22 कॅरेट आणि 916 एकच. 24 पैकी 22 भाग सोनं, म्हणजे हजारात 916. 23 कॅरेट म्हणजे 958. पहिल्या दोघांच्या रकमेत फरक असेल तर घडणावळ बघा. वजन किती? रोज वापरणार की सणासुदीला?

पिंपळपान
दागिना कशाला? 24 कॅरेटची वेढणी, म्हणजे शुद्ध सोन्याची साधी वळी घ्या. घडणावळ वाचते, मोडताना त्रास नाही.

सह्यवारा
त्यांना पाटल्या हव्या आहेत हो.

गोकर्ण
रोजच्या वापराला 23 नको. शुद्धता वाढली की सोनं मऊ होतं. पाटली दिवसभर बांगड्यांना घासते, नक्षीच्या कडा बुजतात, पत्रा पातळ असेल तर चेपते. आणि ‘केडीएम’ सांगून विकत असतील तर घेऊ नका.

पिंपळपान
केडीएम म्हणजे 92 टंच, शंभरात 92 भाग सोनं. चांगलंच असतं.

गोकर्ण
नाही. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाख. तो कशाने जोडलंय ते सांगतो, कस सांगत नाही. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक असतो.

रानजाई
ते राहू द्या. जोडी 30 ग्रॅमची, रोज घालायला. आईच्या 20 ग्रॅमच्या बांगड्या मोडीत देतेय, त्यावर सराफाने 8 टक्के घट, म्हणजे कमी शुद्धतेपोटी कपात धरलीय.

सह्यवारा
मोडीचं आधी सांगायचं ना, खरा पैसा तिथे जातोय! घट 24 च्या भावावर की 22 च्या?

रानजाई
22 च्या.

सह्यवारा
मग बांगड्या खरोखर 22 च्या असतील तर घट दोनदा कापली जातेय. 22 च्या भावात ती आधीच धरलेली असते. 20 ग्रॅममध्ये शुद्ध सोनं 18.32 ग्रॅम. त्यावर पुन्हा 8 टक्के गेले की उरतं 16.85. जवळजवळ दीड ग्रॅम गेलं. बांगड्यांवर हॉलमार्क आहे?

रानजाई
आतून काहीच शिक्का नाही.

गोकर्ण
मग आधी हॉलमार्किंग केंद्रात तपासा. तिथलं एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी कस मोजणारं यंत्र, फक्त वरचा थर वाचतं. डाखाच्या जागी धरलं तर कस कमी दिसतो, मुलामा असेल तर जास्त. तीन-चार ठिकाणी वाचन घ्यायला सांगा. सराफाकडे वितळवणार असाल तर समोर उभ्या राहा, आधी आणि नंतर वजन करा, लगडीचा कस पुन्हा बघा.

सह्यवारा
नव्या पाटल्यांवर तीन खुणा भिंगाखाली बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, 22के916 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचा दागिना त्याशिवाय विकता येत नाही. नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. तिथे अंगठी दिसली आणि हातात पाटली असेल तर घेऊ नका. बिलावर वजन, कस, भाव, घडणावळ वेगवेगळं लिहून घ्या. पुढे कस कमी निघाला तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो, पण बिल हवं.

रानजाई
सकाळी आधी केंद्रात जाते. घट कोणत्या भावावर, ते सराफाकडून कागदावर घेते. ऑर्डर त्यानंतरच.

पिंपळपान
वेढणीचं बघा तरी.