पीनिंगचं कव्हरेज २००% मागणं: खबरदारी की नुकसान?

टॉर्शनबार: शॉट पीनिंग म्हणजे बारीक गोळ्यांचा (शॉटचा) मारा करून धातूच्या पृष्ठभागात दाबाचा ताण बसवणं, म्हणजे क्रॅक सहज सुरू होत नाही. ड्रॉइंगवर सर्रास ‘शॉट पीनिंग, कव्हरेज २००%’ एवढंच लिहिलेलं दिसतं; कव्हरेज म्हणजे पृष्ठभागाचा किती भाग खड्ड्यांनी भरला. इंटेन्सिटीचा, म्हणजे माऱ्याच्या जोराचा, पत्ता नसतो. ७०७५ अॅल्युमिनियमसारख्या मऊ धातूला हा आकडा मारक आहे. पृष्ठभाग पूर्ण ठोकून झाल्यावरही मारा चालू ठेवला की खड्ड्यांच्या कडा एकमेकींवर दुमडतात. भिंगाखाली ही दुमड खवल्यासारखी दिसते, आणि तिच्याखालच्या फटीतूनच क्रॅक सुरू होतो.

फिलेट: अजिबात पटलं नाही. दुमडी पडतात त्या मुख्यतः इंटेन्सिटी जास्त ठेवल्यामुळे; तुम्ही खापर मारा किती वेळ चालला त्यावर फोडताय. १००% म्हणजे व्यवहारात ९८%, कारण त्यापुढे डोळ्यांनी नीट मोजताच येत नाही. २००% म्हणजे त्याच्या दुप्पट वेळ. राहिलेले २% नेमके गिअरच्या दाताच्या मुळाशी असले तर? तिथे शॉट तिरपा लागतो, म्हणून तिथंच कमी पडतं. शिवाय शॉटचा व्यास फिलेटच्या (आतल्या कोपऱ्याच्या गोलाईच्या) त्रिज्येच्या निम्म्याहून मोठा असेल, तर कितीही वेळ मारा, काम होणार नाही.

टॉर्शनबार: गिअरपुरतं मान्य. पण वेळ ठरते कशावर? बरेच जण आल्मेन पट्टीचा (इंटेन्सिटी मोजायची प्रमाणित स्टीलची पट्टी) सॅच्युरेशन टाइमच भागाचा वेळ म्हणून वापरतात. वेळ दुप्पट केल्यावर आर्क हाइट (पट्टीला आलेला बाक) १०% हून जास्त वाढली नाही की पट्टी सॅच्युरेट झाली, पण ती ४४ ते ५० एचआरसीची (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) पट्टी! ६० एचआरसीच्या गिअरवर खड्डा लहान पडतो, म्हणून वेळ जास्त लागतो. अॅल्युमिनियमवर खड्डा मोठा, कव्हरेज चटकन पूर्ण. तोच वेळ दोघांना लावला की एक अर्धवट राहतो, दुसरा चेचला जातो. कव्हरेज भागावरच तपासा.

फिलेट: हे बरोबर. तरी गिअरला २००% मी सोडणार नाही. इंटेन्सिटी मर्यादेत ठेवा आणि फुटका शॉट चाळून काढा. त्याच्या धारदार कडा पृष्ठभागावर ओरखडे काढतात, मग कव्हरेज १००% असो वा २००%.

नायट्राइड: तुम्ही दोघं पुढच्या प्रक्रियेबद्दल बोलतच नाही. अॅल्युमिनियमचा भाग छान पीन करून पावडर कोटिंगच्या भट्टीत १८० अंश सेल्सिअसला घातला, तर पीनिंगने बसवलेला ताण बराचसा सैल होतो आणि टी६ची (उष्णता प्रक्रियेने आणलेली) ताकदही उतरते. स्टीलवर हार्ड क्रोम असेल तर पीनिंग आधी, प्लेटिंग नंतर, आणि हायड्रोजन काढायचं बेकिंग साधारण १९० ते २२० अंशांना. नायट्रायडिंग मात्र ५०० अंशांच्या वर चालतं, तिथे ताण टिकणार नाही, म्हणून पीनिंग नंतरच करावं लागतं.