शक्ती, बल, ओढ की पिकप?

पंचवटीकर:
भाच्याचा नववीचा अभ्यास घेत होतो. गणित असं की 1000 किलोची कार थांबलेली आहे, ती 10 सेकंदात ताशी 72 किमीवर येते तर इंजिनाची सरासरी शक्ती काढा. मी शक्ती म्हणजे जोर समजून 2000 न्यूटन काढून दिलं आणि उत्तर चुकलं, भाचा हसतोय. मराठीत बल, शक्ती, ताकद सगळं एकच ना?

गोदाकाठ:
बोलताना एकच हो, पुस्तकात नाही. तुम्ही काढलंत ते बल, म्हणजे फोर्स. शक्ती म्हणजे पॉवर, त्यात वेळ आलाच, काम किती झालं भागिले किती वेळात. ताशी 72 म्हणजे सेकंदाला 20 मीटर, गतिज ऊर्जा, म्हणजे इथे झालेलं काम, 2 लाख ज्यूल, 10 ने भागा, 20 किलोवॅट. 746 वॅटची एक धरली तर साधारण 27 अश्वशक्ती. हवेचा अडथळा, घर्षण वगैरे सोडून दिलंय बरं का.

गॅरेजवाला:
म्हणजे काही जण अश्वबल लिहितात ते चूकच. तसं अंबडला आमच्याकडे शक्ती कोणीच म्हणत नाही, दोनच शब्द, ओढ आणि पिकप. भरली गाडी कसारा घाट चढवायला ओढ लागते, मुंबई नाक्याच्या सिग्नलवरून सुटायला पिकप. पिकप म्हणजेच शक्ती धरा की, वेळ त्यात आहेच.

गोदाकाठ:
नाही ना, पिकप म्हणजे त्वरण, वेग किती झटकन वाढतो ते. एकटे असताना आणि डिकीत द्राक्षाच्या पेट्या, मागे तिघं असताना पिकप तेवढाच हवा असेल तर शक्ती जास्त लागणार. आणि प्रश्नात खरा महत्त्वाचा शब्द सरासरी आहे. हा फारसीतून आलेला, मूळ अर्थ या टोकापासून त्या टोकापर्यंत. इथे अगदी फिट बसतो, कारण बल कायम 2000 न्यूटन धरलं तर सुटताना शक्ती शून्य, शेवटच्या क्षणी 40 किलोवॅट, आणि सगळ्या 10 सेकंदांची मिळून 20. गाडीच्या माहितीपत्रकात असतो तो आकडा कमाल शक्तीचा, सरासरीचा नाही, म्हणून ते दोन आकडे जुळवायला जाऊ नका.

पंचवटीकर:
भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, मामा तुझ्या गाडीला 72 व्हायला 16 सेकंद लागतात, वजन तेवढंच धरलं तरी साडेबाराच किलोवॅट.