प्रोजेस्टेरॉन वाढलं म्हणून ट्रान्सफर पुढे ढकललं?

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) उपचार घेणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, ट्रिगरच्या (स्त्रीबीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या) दिवशी प्रोजेस्टेरॉन (गर्भासाठी अस्तर तयार करणारं हार्मोन) 1.8 आलं, एएमएच 0.9 आहे, आणि प्रोजेस्टेरॉन वाढलं म्हणून डॉक्टरांनी सगळे भ्रूण गोठवायला सांगितले, म्हणजे सायकल वाया गेली का? नाही हो. भ्रूण बिघडलेत असा त्याचा अर्थ नाही. अडचण गर्भाशयाच्या अस्तराची आहे. प्रोजेस्टेरॉन वेळेआधी वाढलं की अस्तर लवकर तयार होऊन भ्रूणाच्या पुढे निघून जातं आणि भ्रूणाशी त्याचा मेळ बसत नाही. साधारण 1.5 नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर गेल्यास ताज्या ट्रान्सफरमध्ये (भ्रूण न गोठवता त्याच सायकलला गर्भाशयात सोडले तर) गर्भ राहण्याचं प्रमाण कमी दिसतं. तेच भ्रूण गोठवून पुढच्या सायकलला सोडले तर हा तोटा बहुतेक राहत नाही. डॉक्टरांचा निर्णय मला तरी योग्य वाटतो, खर्च आणि वाट पाहणं वाढलं तरी.

एक गोष्ट मात्र आत्ताच विचारून ठेवा: फ्रोझन ट्रान्सफर गोळ्यांवर होणार की नैसर्गिक सायकलमध्ये? इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर अस्तर तयार केलं तर बीज सुटत नाही, त्यामुळे शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसतंच. सगळी भिस्त औषधावर. अशा सायकलमध्ये ट्रान्सफरच्या सुमारास रक्तातलं प्रोजेस्टेरॉन 9-10 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर गर्भ राहण्याचं प्रमाण कमी येतं, असं स्पेनमधल्या अभ्यासांत दिसलंय. म्हणून काही डॉक्टर तपासणी करून गरजेनुसार इंजेक्शन जोडतात.

आणि ते एएमएच (स्त्रीबीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) 0.9 मनाला लावून घेऊ नका. त्यावरून स्त्रीबीजं किती मिळतील याचा अंदाज येतो, ती कशी निघतील ते कळत नाही; तिथे वयच जास्त बोलतं.