डार्क कपाटांना किचनमध्ये फरशी कुठल्या रंगाची घालू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, खानापूर रोडला घराचं काम चालू आहे, किचनची कपाटं झाली, वेंगे कलरचं सनमायका म्हणजे जवळजवळ काळंच, वर ओटा पण काळ्या ग्रॅनाइटचा. आता फरशीपाशी गाडी अडकलीय. किचन १० बाय ८, खिडकी एकच आणि ती पण उत्तरेला, म्हणजे ऊन आत येतच नाही, पावसाळ्यात तर दुपारी पण लाईट लावायला लागते.

मिस्त्री म्हणालेत पांढरी ग्लॉसी २ बाय २ व्हिट्रिफाइड टाइल घाला, उजेड वाढतो. ते बरोबर आहे पण आमच्याकडची लाल माती माहिताय ना, चार महिने पायाला लागून आत येते, वर हळद सांडली की सांध्यात पिवळं धरतं ते वेगळंच. आणि ग्लॉसीवर पाणी सांडलं की सासूबाई घसरतील ही भीती. सासूबाईंना तर शहाबादीच हवी, पायाला गार लागते म्हणून, पण काळ्या कपाटांखाली ती काळपट फरशी म्हणजे गुहाच की हो!

माझं मन मॅट फिनिश बेज नाहीतर फिकट राखाडीवर आहे. राखाडी ह्या चॉकलेटी-काळ्या कपाटांपुढे उदास दिसेल काय? बेजमध्ये थोडी नक्षी असली की डाग लपतात म्हणे, खरं काय? सांध्यात इपॉक्सी (सिमेंटऐवजी भरतात तो रेझिनचा मसाला) भरायचं ठरलंय, त्याचा रंग फरशीसारखाच घ्यावा की जरा गडद?

कुणाची डार्क कपाटं असतील तर फोटो टाका प्लीज, शक्यतो रात्रीच्या लाईटमधला पण.